रविवारच्या वर्गातला तानाजी

सिपोरा झिराडकरनं मिरजेच्या एका दवाखान्यात उमेदीची सारी वर्षं नर्स म्हणून घालवली. निवृत्त होऊन ती सांगलीच्या विश्रामबागेत भाड्यानं राहायला आली, तरी लोक तिला सिस्टरच म्हणत. नाव असं, त्यात सिस्टर. लोकांनी तिला परस्पर ख्रिश्चन करून टाकलं होतं. तिनंही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. घर बघायला आली तेव्हा घरमालक लालासाहेबांनी, म्हणजे रिटायर सुभेदारांनी, विचारलं होतं, "तुमी मूळच्या कुठल्या?"

"कोकणातली. अलिबागकडची."

ते खोटं नव्हतं. पण तिचे पूर्वज त्या किनाऱ्यावर शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते, बेने इस्राएल होते, म्हणजे आपण ज्यू आहोत, हे तिनं सांगितलं नाही. सांगितलं की लोक एकतर नको इतकं कौतुक करत, नाहीतर टीव्हीवरच्या लढाईचा जाब तिला विचारत. दोन्हीचा तिला वीट आला होता.

वडिलांनी लहानपणी तिला हिब्रू अक्षरं शिकवली होती. ती वाचता यायची, पण अर्थ कळायचा नाही. खरं तर वडिलांनाही सगळा कळत नव्हता. हातात वेळ आला तेव्हा तिला इंटरनेटवर एक जागा सापडली. सगळे जुने पाठ तिथं फुकट. एका बाजूला हिब्रू ओळ, शेजारी इंग्रजी, आणि ओळीवर बोट ठेवलं की त्या ओळीवरून शेकडो वर्षं विद्वान काय काय भांडले ते खाली उलगडायचं. सिपोरा त्यात रमली. मग तिनं दर रविवारी संध्याकाळी ऑनलाइन वर्ग सुरू केला. सणाचा मूळ पाठ स्क्रीनवर ठेवायचा आणि मराठीतून सोडवून सांगायचा. ठाण्याच्या, पेणच्या बायका यायच्या, आणि इस्राएलमधल्या दिमोनाहून फ्लोरामावशी यायची. मावशीला तिकडं जाऊन जन्म लोटला होता, पण गोष्ट मराठीतच ऐकायची असा तिचा हट्ट होता.

माघ सरत आला तसा पुरिमचा पाठ घेतला. बेने इस्राएल लोक त्याला पूर्वापार 'होळीचा सण' म्हणतात, कारण तो होळीच्या आसपासच येतो. इराणच्या राजाची राणी एस्तेर आपण ज्यू असल्याचं कुणाला सांगत नाही, आणि हामान नावाचा प्रधान तिच्या सगळ्या लोकांना मारायचा घाट घालतो, अशी ती कथा. सिपोरानं वर्गाची लिंक दोन-तीन ग्रुपवर टाकली, 'सर्वांना खुला' असं लिहून.

पुढच्याच रविवारी एक नवीन माणूस आला. नाव दिसत होतं 'तानाजी, उंब्रज'. कॅमेरा बंद, माइक बंद.

"नमस्कार, तानाजीराव. तुमची ओळख?"

बऱ्याच वेळानं चॅटमध्ये अक्षरं उमटली: "राणीनं जात का लपवली?"

प्रश्न चांगला होता. राणीला तिच्या चुलत भावानं तशी ताकीद दिल्याचं सिपोरानं पाठात दाखवलं, खालची भाष्यं उघडून दोन मतं सांगितली. पण लगेच दुसरा प्रश्न आला: "हा वर्ग कुणाच्या सांगण्यावरून चालतो?" आणि वर्ग संपता संपता तिसरा: "तुमी लोक प्रत्यक्ष कुठं जमता?"

सिपोरानं घाईनं वर्ग आटोपला. उंब्रजच्या माणसाला हे कशाला हवं? कुणी पाठवलाय याला?

"काढून टाक गं त्याला," फ्लोरामावशी नंतर फोनवर म्हणाली.

"काढला तर दुसऱ्या नावानं येईल, मावशी. नजरेसमोरचा साप बरा."

पण त्या दिवसापासून तिची झोप पातळ झाली. वर्गात ती सांगलीचं नाव घेईना. खिडकी लावून बसू लागली. आणि एकदा संशय शिरला की तो एका जागी थोडाच बसतो? तिला वाटायला लागलं, खालचे सुभेदारही हल्ली आपल्यावर डोळा ठेवून आहेत. कुरिअरवाला आला की ते जिन्याशी उभे. पार्सल हातात तोलून बघायचे. एकदा बल्ब बदलायला वर आले, तर दाराच्या आतल्या चौकटीवरची बोटभर नळी बघून थबकले. त्या नळीत देवाची वचनं लिहिलेली असतात. ज्यूंच्या घरात ती असतेच.

"हे काय बसवलंय? कॅमेरा हाय का?"

"नाही हो. देवाचं आहे."

"कंच्या देवाचं?"

"आमच्या."

सुभेदारांनी मान हलवली, पण पायऱ्या उतरताना दोनदा मागं बघितलं. पुढं एकदा त्यांनी विचारलं, "रविवारी एवढं कुणाशी बोलता?" ती म्हणाली, "शिकवणी घेते." कशाची? भाषेची. कंची भाषा? जुनी आहे. उत्तरागणिक तिचा आवाज बारीक होत गेला, आणि त्यांच्या कपाळावरची आठी खोल.

सणाच्या आधीच्या रविवारी सिपोरानं सगळ्यांना ताट आणि पळी घेऊन बसायला सांगितलं होतं. पाठात हामानचं नाव आलं की ते ऐकू येऊ नये इतका गोंगाट करायचा, अशी रीत आहे. उकाडा होता म्हणून त्या दिवशी खिडकी उघडीच राहिली. ती वाचत होती, हामानचं नाव आलं, ताटं वाजली. गोंगाट शमला तेव्हा लॅपटॉपमधून तिचाच आवाज क्षणभर मागून परत आला. तानाजीचा माइक चुकून चालू झाला होता.

तेवढ्यात त्याच माइकमधून एक बाई ओरडली, "आवं, कानाला काय लावून बसलाय? दूध उतू गेलं की!"

आणि तेच शब्द, त्याच आवाजात, खालून खिडकीतून आले.

राहीबाई. सुभेदारांची बायको.

वर्ग खो खो हसला. 'तानाजी, उंब्रज' स्क्रीनवरून पटकन नाहीसा झाला. सिपोरानं वर्ग तिथंच थांबवला, लॅपटॉप तसाच उघडा टाकून जिना उतरली.

सुभेदार व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. फोन हातातच होता.

"तानाजी कोण?" तिनं विचारलं.

"माझा भाऊ. उंब्रजला असतोय. सिम त्याच्या नावावर हाय. लिंक एका ग्रुपवर फिरत आली."

"चोरून का ऐकत होता?"

"तुमी चोरून का शिकवत होता?" सुभेदारही तडकले. "आमी काय समजायचं? अनोळखी भाषा, परदेशातली माणसं, मारामारीची गोष्ट, ताटं वाजवताय. मला वाटलं, ही बाई लोकांना बाटवतीया. मी विचारलं तवा तुमी अर्धं सांगितलं."

"अर्धं सांगून माझं भागत होतं."

"बॉर्डरवर आमाला शिकवलंय, अर्धं सांगणाऱ्यावर लय ध्यान ठेवायचं."

"मी बॉर्डर आहे का, सुभेदार? मी तुमची भाडेकरू आहे. राहीबाईंना ताप होता तेव्हा रात्रभर कोण बसलं होतं?"

राहीबाई पातेलं घासायचं सोडून दारात आल्या होत्या. नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "सांगा की आता पोलिसाचं बी."

सुभेदार खाली बघत म्हणाले, ओळखीच्या एका हवालदाराच्या त्यांनी कानावर घातलं होतं. आता येऊ नको म्हणून त्याला सांगतो, असंही म्हणाले. पण हवालदार दुसऱ्या दिवशी आलाच. सिपोरानं त्याला चहा दिला आणि या घरात पहिल्यांदाच सरळ सांगितलं, "मी ज्यू आहे. बेने इस्राएल."

"म्हंजे ख्रिश्चनातलं?"

"नाही."

"मग मुसलमानातलं?"

"नाही. वेगळं आहे."

हवालदारानं बराच विचार केला. "मराठी मात्र झकास बोलता," म्हणाला, आणि चहा संपवून गेला. तो गेल्यावर सिपोरा बराच वेळ दाराला कडी लावून बसून राहिली. तिला रडू आलं नाही, रागच आला. सुभेदारांचा आणि थोडा स्वतःचाही.

सणाच्या दिवशी सुभेदारांनी स्वतःच लिंक मागितली. राहीबाईंना शेवट ऐकायचा होता म्हणे. सिपोरानं दिली, पण अट घातली: कॅमेरा चालू, नाव स्वतःचं. दोघं नवरा-बायको स्क्रीनवर आली, तेव्हा फ्लोरामावशीनं त्यांना आधी अडवलं. "पूर्ण नाव सांगा, मग बसा." सुभेदार ताठ झाले आणि पलटणीत सांगावं तसं नाव, गाव, हुद्दा सांगून मोकळे झाले. राणीनं राजापुढं आपण कोण ते सांगितलं तिथं राहीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हामानच्या नावाला सुभेदारांनी ताट असं बडवलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

रात्री मावशीचा फोन आला. "बसला का त्याच्यावर विश्वास?"

"नाही अजून. त्याचाही माझ्यावर पुरता बसला नसेल."

"मग घर बदल की."

"नव्या घरी पुन्हा कोकणातली म्हणून सांगावं लागेल, मावशी. इथं निदान ते एक संपलं."

मावशी म्हणाली, पुढच्या सणाचा, पेसाहचा पाठ कधी घेणार ते सांग. सिपोरा म्हणाली, पुढच्या रविवारपासून.