गंगेकडे पाठ करून बसणारा सदू

फोन मनूनं उचलला. मनू माझी नात, दहावीत आहे. घरात माझ्याशी ती मराठीच बोलते, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. फोन ठेवून ती वळली आणि म्हणाली, "आजोबा, मास्टरजी नहीं रहे." घरात उभी राहून हिंदीत बोलली, तेव्हाच मला कळलं की हे खरं आहे. वर यात्रेकरू उतरले होते, त्यांच्यासाठी मी तांदूळ निवडत होतो. सूप हातात तसंच राहिलं. खरं सांगतो, दुःख नंतर आलं. आधी भीती आली. सदू गेला... म्हणजे आता इतवारी, रविवारच्या सकाळी, घाटावर पोरांपाशी कोण?

सदू म्हणजे सदाशिव मास्तर. पोरांचा मास्टरजी, माझा मात्र सदूच. काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यात आमची घरं समोरासमोर, गल्ली इतकी अरुंद की माझी आमटी लागली तर माझ्याआधी त्याला वास यायचा आणि तिथूनच तो हाक मारायचा. तो शिकला, शाळेत मास्तर झाला, स्काऊटचं दल चालवू लागला. मी चौथीनंतर शाळा सोडली आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची सोय बघू लागलो. तो मला चौथी नापास म्हणायचा. "पास होऊन सोडली!" असं मी त्याला जन्मभर सांगत आलो, आणि हा लेखही मीच लिहिलाय, कुणाला सांगून लिहवून घेतलेला नाही. दलाचे दोर, लाठ्या, तंबू माझ्या खालच्या खोलीत असतात. किल्ली माझ्या कमरेला.

मला गंगेची भीती वाटते. काशीत जन्मून असं बोलू नये, पण मी बोलतो. यात्रेकरूंना स्नानाला नेणारा माणूस मी. लोकांना वाटतं बुडणारा आरडाओरडा करतो. नाही करत हो. आत्ता इथं होता आणि आता नाही, एवढंच होतं. म्हणून सदूची शिकवायची तऱ्हा मला कधी सोसली नाही. दशाश्वमेधावर गर्दी फार, म्हणून इतवारी सकाळी तो पोरांना मुन्शी घाटावर न्यायचा. बुडत्याकडे दोर कसा फेकायचा, लाठी कशी पुढे करायची, हे तिथं शिकवत. पण शिकवणारा सदू नसायचा. नववी-दहावीतली मोठी पोरं सहावी-सातवीतल्यांना शिकवायची. आठवडाभर सदू मोठ्यांना घासूनपुसून तयार करायचा आणि इतवारी शिट्टी त्यांच्यातल्या एकाच्या गळ्यात घालून स्वतः वरच्या पायरीवर जाऊन बसायचा... गंगेकडे पाठ करून, तोंड दगडी भिंतीकडे!

"अरे, पोरं पाण्यापाशी आहेत आणि तू भिंत काय बघतोस?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्यावर ओरडलोच.

"तू बघतोयस ना? मग दोघांनी कशाला बघायचं?"

"चेष्टा नको, सदू."

"चेष्टा नाही. मी तोंड तिकडे केलं की मोठी पोरं माझ्याकडे बघतात. मास्टरजी मान हलवतात का, मास्टरजी रागावतात का. मग लहानांकडे कोण बघणार, चौथी नापास?"

"पास!" मी म्हटलं. पण भीती काही गेली नाही.

मनू सहावीत गेली आणि दलात जायचा हट्ट धरून बसली. हट्ट माझाच तिच्यात उतरलाय. त्या वर्षी पूर ओसरल्यावरची गोष्ट. घाटावरचा गाळ धुऊन काढला होता, तरी खालच्या पायऱ्या बुळबुळीत. पंकज नावाचा दहावीतला मुलगा शिकवत होता. मी वर सदूशेजारी, पण तोंड पाण्याकडे. सात-आठ डोकी होती, त्यातलं एक नाहीसं झालं. मनूचं. मला ओरडायचं होतं, पण मी पाण्यातली ती जागाच बघत राहिलो. खाली पंकजनं शिट्टी फुंकली, "सब बैठ जाओ!" म्हणाला, स्वतः पायरीवर पालथा पडला आणि लाठी पाण्यात सोडली. "मुझे नहीं, लाठी पकड़! लाठी!" मग दोन छोटे हात लाठीवर दिसले. मागच्या पोरांनी पंकजचे पाय धरून ठेवले होते, ओढा म्हटल्यावर ओढलं. मनू खोकत, थुंकत वर आली. पलीकडे एक नाव जवळ सरकलेली दिसली. माणूस बुडतोय आणि याला सवारी हवी, म्हणून मनातल्या मनात नावेतल्या त्या मल्लाहाला शिव्या घातल्या.

सदू वळला नव्हता. शिट्टी ऐकूनही नाही. मी त्याचा खांदा धरून गदागदा हलवला. "दगड आहेस का?" तेव्हा त्याचं तोंड पाहिलं. पांढरं पडलेलं, ओठ कापत होते. मूठ इतकी आवळलेली की मला वाटलं, आत दुसरी शिट्टी लपवलीय. मी ती ओढून उघडली. आत काही नव्हतं. तळहातावर नखं रुतून रक्त आलं होतं.

"माझं हे तोंड त्या पोरानं पाहिलं असतं," तो हळू म्हणाला, "तर त्याच्या हातातली लाठी सुटली असती, केशव."

मी त्याच्याशी बरेच दिवस बोललो नाही. मनूला घरी बसवली. ती पुढच्या इतवारी मला न विचारता गेली.

आता सदू नाही. दिवस झाले, आणि पोरांच्या आया येऊन मला सांगून गेल्या, खोलीला कुलूपच राहू द्या. मला हेच हवं होतं. मनू रोज हात पुढे करून उभी. या वर्षी शिकवायची पाळी तिची, सदूनं तिला उन्हाळाभर तयार केलेली. "आजोबा, किल्ली." मी पेपर वाचत असल्याचं दाखवायचो. एकदा म्हणाली, "तुम्हाला वाटतं मला येत नाही?" मी म्हटलं, तसं नाही. "मग?" मग काय सांगणार... ते नाहीसं झालेलं डोकं मला अजून दिसतं, हे सांगणार?

आणि मग दारात रामधनी आला. मल्लाह, माझ्याच वयाचा. तोंडानं ओळखलं, नावेवर बघितलेला. म्हणाला, "बाबूजी, मास्टर साहब तो चले गए. अब इतवार को नाव लगाऊँ कि नहीं?"

"कसली नाव?"

तेव्हा समजलं. सदूच्या सांगण्यावरून हा दर इतवारी मुन्शी घाटाखाली नाव लावून बसायचा, विडी ओढत, सवारीची वाट बघत असल्यासारखा. पोरांना माहीत नाही, मलाही नव्हतं. "बिटिया फिसली थी न, मैं तो आधा पानी में उतर चुका था," तो म्हणाला. "लड़के ने लाठी डाल दी, तो वापस बैठ गया. मास्टर साहब का हुकुम था, जब तक बच्चा सँभाल ले, तुम दिखना मत."

म्हणजे इतका भ्यायचा सदू. आणि भीत भीत दर इतवारी पोरांना न्यायचाच... मला त्याचा राग आला, मला सांगितलं नाही म्हणून. मग दारातच रडू आलं. रामधनी बिचारा भिंतीकडे बघत राहिला.

"लगाव," मी म्हटलं. "पण ध्यान रखना. वो मेरी नातिन है."

"सबकी कोई न कोई है, बाबूजी."

हा लेख पेपरच्या ज्या पुरवणीत येणार, ती काशीत येत नाही, म्हणून नावेची गोष्ट लिहिली. मनूला कुणी सांगू नये.

इतवारी किल्ली दिली. मुन्शी घाटावर गेलो आणि सदूच्या पायरीवर बसलो, तोंड भिंतीकडे. भिंतीत एक फट आहे, तिच्यात पिंपळाचं रोप. सदूनं आयुष्यभर हेच बघितलं. पाठीमागे पाण्याचा आवाज, मनूचा आवाज, लहानांचा कालवा. मग काहीतरी पाण्यात पडलं. मोठं. आणि सगळं गप्प... मान वळायला निघाली होती. मी रोपाची पानं बघत राहिलो. मला वाटतं, माझं तोंड तेव्हा सदूसारखंच झालं असेल.

"रस्सी ढीली छोड़! हाँ... अब खींच!" मनूचा आवाज. कापत नव्हता. मागून हशा आला, कुणीतरी शिंकलं.

सगळं आवरल्यावर ती वर आली. केस ओले, शिट्टी गळ्यात.

"आजोबा, बघितलंत?"

"नाही," मी म्हटलं, आणि हात सदऱ्याच्या खिशात घातला. मूठ अजून उघडत नव्हती.