सांडलेलं साखराबाईचं

आमच्या डाळ मिलमध्ये एक कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण मालकापासून हमालापर्यंत सगळे पाळायचे. मशीनमध्ये आहे, पोत्यात आहे तोवर तूर मिलची. खाली कोब्यावर पडली की साखराबाईची.

लातूरच्या एमआयडीसीतल्या या मिलमध्ये मी सुपरवायझर आहे. मला पसारा बघवत नाही. घरी चप्पल वाकडी दिसली तरी माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, तुम्ही माझ्याशी नाही, एखाद्या गोदामाशी लग्न करायला पाहिजे होतं. अशा माणसाच्या नशिबी डाळ मिल यावी, ही थट्टाच म्हणायची. जिकडं बघावं तिकडं धूळ, टरफलं, चुणी. आणि या सगळ्याच्या मधोमध डोक्याला फडकं बांधलेली, हातात खराटा आणि कमरेला तागाची पिशवी असलेली साखराबाई.

ती मूळची लोह्याकडची. नवरा सटवाजी या मिलमध्ये हमाल होता. एका पावसाळ्यात काविळीनं तो गेला आणि ही दोन पोरं घेऊन फाटकाशी येऊन उभी राहिली. तेव्हाचे थोरले मालक म्हणाले, "पगारावर ठेवायला काम नाही बाई. पण कोबा झाडत जा. सांडलेलं तुझं." मालक बोलून गेले असतील सहज. साखराबाईनं मात्र तो शब्द सातबाऱ्यासारखा जपला. झाडायचं, चाळायचं, सुपानं पाखडायचं, खडे वेचायचे आणि पिशवीत भरायचं. थोडं घरी शिजायचं, बाकी बाजारात जायचं. त्यावर तिनं लेकीचं लग्न लावलं आणि पोराला आयटीआय केलं. पोरगा पुण्याला आहे. तो बोलावतो, पण ही जात नाही.

"लिफ्टनं वर जायचं अन् दार लावून बसायचं. मी काय कोंबडी हाय व्हय?" ती म्हणते.

तिच्या ढिगाऱ्यावर कुणाचा पाय पडला तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची. मलाही सोडत नसे. "बालाजीदादा, बूट बाजूला!" पण एकदा एक अख्खं पोतं उसवलं, तूर भळाभळा बाहेर आली. हमाल म्हणाले, मावशी, आज दिवाळी तुझी. तिनं घमेलं घेतलं आणि सगळी तूर परत पोत्यात भरली. "फुटलं ते सांडलं न्हाई," म्हणाली. तिच्या कायद्यात असा फरक होता, आणि तो तिनं स्वतःच्या विरुद्ध लावला होता.

वेळ अमावास्येला अख्खं लातूर शेतात जाऊन काळ्या आईला पुजतं, भज्जी-भाकरी खातं. साखराबाईला शेत नाही. ती वॉचमनला फाटक उघडायला लावायची, बंद मिलमध्ये यायची, कोपऱ्यात भज्जीचा नैवेद्य ठेवायची आणि कोब्याच्या चारी कोपऱ्यांवर आंबील शिंपडायची. दुसऱ्या दिवशी तिथं माझे बूट चिकटायचे. मी चडफडायचो, पण बोलायची हिंमत कधी झाली नाही.

तर अशा मिलमध्ये मुंबईची एक मोठी कंपनी डाळ घ्यायला तयार झाली. वर्षाचा करार होता, पण अटी होत्या. नासाडी कमी हवी, वीज-पाणी जपून वापरायला हवं, जमीन स्वच्छ हवी, आणि आत काम करणारा प्रत्येक माणूस हजेरीपटावर हवा. तपासायला त्यांची माणसं येणार होती. करार झाला असता तर मिल बारा महिने चालली असती. नाहीतर हंगाम संपला की निम्मे हमाल घरी, हे आमचं ठरलेलं होतंच.

आमचे आताचे मालक ईश्वरप्पा शेट यांनी या कामासाठी ज्योत्स्ना मॅडमला आणलं. ही नायगावची, वडील तलाठी, नांदेडला इंजिनिअरिंग झालेलं, मग चाकणच्या कारखान्यात काही वर्षं काढलेली. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना उभं करून सांगितलं, "गिऱ्हाईक ज्याचे पैसे देणार नाही, अशी प्रत्येक गोष्ट म्हणजे नासाडी. सांडलेला दाणा नासाडी, रिकामी खेप नासाडी, उगाच फिरणारी मशीन नासाडी." मला वाटलं, चला, या मिलमध्ये माझ्या जातकुळीचं एक तरी माणूस आलं.

सांडतं कुठं हे शोधायला तिनं गावातले जुने फ्लेक्स आणून मशीनखाली अंथरले. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे पुढारी हात जोडून कोब्यावर आडवे झाले, आणि संध्याकाळी ज्याच्या तोंडावर जास्त तूर, तिथली गळती मोठी. दोन जागा सापडल्या. एक, तूर वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या बुडाशी असलेलं झाकण. दुसरी, पोती ओढायचा हमालांचा आकडा, त्यानं पोत्याला भोकं पडायची. उमाशंकर आमचा फिटर. त्यानं झाकणाचे बोल्ट आवळले. हमालांना आकडा न लावता पोतं उचलायला सांगितलं. पुढारी स्वच्छ झाले.

चार दिवसांत पुन्हा गळती सुरू, तीही त्याच जागी. पुन्हा आवळलं. पुन्हा ढिलं. मॅडमनं बोल्ट बदलले, तरी तेच. माझं डोकं तापलं. करार डोळ्यांसमोर निसटत होता. खोटं कशाला बोलू, माझा संशय साखराबाईवर गेला. सांडणं थांबलं तर नुकसान तिचंच होतं.

एके दिवशी सकाळी मिल सुरू व्हायच्या आधी मी आलो आणि बारदान्याच्या थप्पीमागं उभा राहिलो. थोड्या वेळानं एलिव्हेटरपाशी पान्ह्याचा आवाज आला. उमाशंकर उकिडवा बसून स्वतःच आवळलेले बोल्ट ढिले करत होता.

"कामून रे?" मी ओरडलो.

त्यानं तोंडावर बोट ठेवलं. "साहेब, बोंबलू नका. मावशी यायची येळ झाली."

"अरे पण का?"

"ह्ये नवं एलिव्हेटर सांडतच न्हाई साहेब. तीन-चार वर्सांमागं बशिवलं तवा मावशी आठ-धा दिस रिकामी पिशवी घिऊन घरी गेली. मला भाकर ग्वाड लागंना. सटवाजीमामानं मला या मिलीत लावलं व्हतं. मंग म्या रोज सकाळी जरासक ढिलं करतो, सांजच्याला आवळतो. हमालबी आकडा वाईच जोरात मारून राहिलेत."

"म्हणजे हे सगळ्यांना माहीत आहे?"

"तुमाला सोडून समद्यांला."

मला राग यायला हवा होता, तो आलाही. पण तो टिकला नाही. इतकी वर्षं ज्या गळतीला मी शिव्या घातल्या, ती गळती नव्हतीच. मिलमधली माणसं मुठीमुठीनं साखराबाईचा संसार चालवत होती. आता ते मॅडमला सांगावं तर साखराबाई रस्त्यावर, न सांगावं तर करार बुडाला आणि निम्मे हमाल हंगामानंतर घरी.

शेवटी सांगितलं. ज्योत्स्ना मॅडम रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मावशींना कुणी विचारलं का?"

"काय विचारायचं? तुमची दया येते म्हणून सांडतो, असं?"

"नाही. तुम्हाला काय पाहिजे, असं."

खरंच, हे कुणी विचारलं नव्हतं. दुपारी मॅडम दोन चहा घेऊन बारदान्यावर साखराबाईशेजारी जाऊन बसली. मी पलीकडं पोती तपासायचं नाटक करत उभा होतो.

"मावशी, सांडणं बंद करायचं म्हणतेय मी. तुमचं काय म्हणणं?"

साखराबाईनं सूप खाली ठेवलं. एलिव्हेटरकडं बघितलं, उमाशंकर लांब आहे याची खात्री केली.

"खरं सांगू का माय? माझे गुडघे गेलेत. वाकलं की उठवत न्हाई. दोन वर्सं झाली, आता पुरं, आसं मनाशी म्हून राहिले. पर ह्यो उमाशंकर रोज सकाळी माझ्यासाठी बोल्ट ढिला करतो. त्याला वाटतं मला कळंना. रोज त्याच कोपऱ्यात, रोज तेवढंच, तेलाच्या डागापासून लांब, आसं कुठं मशीन सांडतं व्हय? हमालबी तसेच. त्ये देऊन राहिले, म्या नको म्हनलं तर लेकरायचं मन मोडंल. म्हून वाकते अन् भरते."

मी पोत्यांकडं तोंड फिरवलं. ते तिच्यासाठी सांडत होते, आणि ती त्यांच्यासाठी वेचत होती. दोन्हीकडून ओझं, आणि नको होतं ते दोघांनाही.

"मग घरी आराम करा," मॅडम म्हणाली.

"घरी कोन हाय? हितं कुणीतरी मावशी म्हून हाक मारतं."

प्रश्न सुटल्यासारखा वाटला, पण ईश्वरप्पा शेट अडून बसले. "वडिलांचा शब्द आहे. सांडलेलं तिचं म्हणाले, आणि मी सांडूच देत नाही? म्हणजे शब्द मोडलाच की. करार गेला तर गेला." दिवसभर आडत्यांशी रुपया-रुपयासाठी भांडणारा माणूस, पण इथं रेसभर हलेना.

हे साखराबाईच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. चप्पल बाहेर काढली, खराटा धुऊन आणला होता, तो शेटच्या पायांशी नीट आडवा ठेवला.

"थोरल्या मालकानं कोबा दिला व्हता. माझी पोरं त्यावर मोठी झाली. आज वापस करते. शब्द तुमी मोडला न्हाई मालक, म्याच सोडला."

शेटनी चष्मा काढला. कितीतरी वेळ पुसत राहिले. शेतमालकिणीनं जमीन परत करावी तशी ती उभी होती, आणि मला उगाच ते आंबिलीचे चिकट कोपरे आठवले.

"उद्यापासून येणार ना पण?" शेटनी विचारलं.

"आता माझं काय काम, मालक?" एवढं बोलताना मात्र तिचा आवाज पडला.

ज्योत्स्ना मॅडम याचीच वाट बघत असावी. म्हणाली, "शेट, आपली माणसं दुपारी जेवायला हायवेवरच्या हॉटेलात जातात. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, येतात तासानं. तोवर मशीन मोकळी फिरते. आपण डाळ बनवतो आणि आपली माणसं बाहेर शिळी भजी खातात, याहून मोठी नासाडी या मिलमध्ये मला दिसली नाही. स्वयंपाकघर काढू, मावशी रांधतील."

साखराबाईचं काम ठरलं म्हणून सगळे खूश झाले, पण ती काही लगेच हो म्हणाली नाही. अटी घातल्या. पगार पाहिजे. हजेरीपटावर नाव पाहिजे, सटवाजीचं होतं तसं. आणि बसून रांधीन, उभं राहून नाही. शेट कधी नव्हे ते घासाघीस न करता हो म्हणाले. बोल्ट आवळले गेले ते कायमचे, आकडे खुंटीला लागले. उमाशंकरनं शेडच्या सावलीत बसक्या उंचीचा लोखंडी ओटा आणि तिच्यासाठी एक स्टूल वेल्डिंग करून दिलं. ते त्यानं इतकं जड केलं की तीन माणसं बसली तरी हलणार नाही. कंपनीची माणसं आली, कोब्यावर बोट फिरवून बघितलं, हजेरीपट बघितला आणि करार झाला. साखराबाईच्या हातचं वरण खाऊन गेली, हे वेगळंच.

पण मला आठवतो तो स्वयंपाकघराचा पहिला दिवस. उमाशंकर उत्साहानं पातेल्यात डाळ ओतत होता. हात हलला आणि थोडी डाळ खाली पडली. सगळे साखराबाईकडं बघायला लागले. इतक्या वर्षांची सवय होती. ती गुडघा धरून स्टुलावरून उतरली, वाकली, एक-एक दाणा वेचला. मूठ कमरेकडं गेली. तिथं आता पिशवी नव्हती. तिनं मुठीकडं बघितलं, मग पातेल्यावर हात नेला आणि मूठ उघडली.

"मिलीचं हाय त्ये," ती म्हणाली. मग उमाशंकरकडं वळून, "अन् तू रे, फिरून सांडलंस तर आज उपाशी ठिवीन."