छप्पन्नबाई

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे छप्पन्नबाई म्हणायचे, आणि तिला त्याचा राग नव्हता. जाड फळ्यांची ही खोकी यंत्रांचे सुटे भाग पोटात घेऊन जहाजाने दूरदेशी जायची. पण खोकी ठोकण्याआधी फळ्या भट्टीत जात. भट्टी म्हणजे ट्रक मावेल एवढी बंद लोखंडी खोली, भिंतीतून गरम वारा सोडणारी. फळीच्या अगदी पोटात छप्पन्न अंश उष्णता सलग अर्धा तास टिकली, की लाकडात दडलेली अळी मरते. मगच खोक्यावर शिक्का बसतो, आणि तो असेल तरच बंदरावर खोकं पुढे जातं. भट्टी आणि शिक्का, दोन्ही हिच्या ताब्यात.

पंचावन्नावर काटा अडला तरी ती दार उघडू देत नसे. म्हातारा सुतार एकदा कुरकुरला, "एका अंशाने काय आभाळ कोसळतंय?"

"असं विचारणारे छप्पन्न पाहिलेत मी," ती म्हणाली. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

पंचविसाव्या वर्षी ती इथे भुसा झाडायला आली होती. अकरा वर्षं हातात झाडू. मग भट्टी आली, आणि ती चालवायला परवाना लागतो म्हणून कुणीतरी शिकायला जायला हवं होतं. पुरुषांपैकी कुणी तयार होईना. उकाड्यात आकडे बघत बसायचं काम कोण करणार? ही म्हणाली, मी जाते. पाच दिवस शिकली, परीक्षा पास झाली, डोळे मिटलेला फोटो लावलेलं प्रमाणपत्र घेऊन परतली.

तोवर तिच्या लेखी छप्पन्न हा नुसता आकडा होता. तो मनात रुतला तो दादामुळे. तिचा थोरला भाऊ गावामागच्या डोंगरावर जंगलखात्यात कामाला होता. एका रविवारी तो तिला वर घेऊन गेला. ऐन हिरवाईच्या दिवसांत अख्खा उतार तांबूस पडला होता. झाडं उभी होती, पण मेलेली. बुंध्याशी पिठासारखा भुसा सांडलेला, खोडाला बोट जाईल एवढी गोल भोकं.

"लांब मिशांचा भुंगेरा," दादा म्हणाला. "इथला नाही हा. इथल्या पाखरांनाही तो खायची वस्तू आहे हे ठाऊक नाही अजून."

"मग आला कुठून?"

"खोक्यातून. खालच्या गोदामामागे परदेशातून आलेली खोकी पडून होती. पहिलं झाड तिथलंच गेलं."

ती बराच वेळ त्या भोकांवरून बोट फिरवत राहिली. कुणीतरी, कुठल्यातरी गावात, कच्च्या लाकडावर शिक्का मारला होता. उतरताना ती एवढंच म्हणाली, "माझ्या हातून नाही जाणार."

दोन वर्षांनी ती वेळ आलीच. मोठी मागणी आली, एकशेवीस खोकी. आणि नेमका भट्टीचा एक बर्नर बंद पडला. काटा अठ्ठेचाळीसवर जाऊन बसला तो हलेना. नवा भाग यायला चार दिवस लागणार होते, ट्रक मात्र दुसऱ्याच दिवशी दुपारी येणार होता. मालकाने सुतारांना तशाच फळ्यांची खोकी रातोरात ठोकायला लावली आणि सकाळी तिला अंगणात बोलावलं.

"बाई, शिक्के मारून टाका."

"लाकूड कच्चं आहे, साहेब."

"अठ्ठेचाळीस म्हणजे काय थंड असतं का? माणूस भाजून निघेल."

तिने उरलेल्या फळ्यांतली एक ओढली, पटाशी लावली, हातोड्याचे चार घाव घातले. फळी फाटली. आत बोटाएवढ्या बोगद्यात पांढरी जाड अळी वळवळत होती. तिने ती तळहातावर घेऊन मालकापुढे धरली.

मालक एक पाऊल मागे सरला. "एकच तर आहे."

"मग तिला समजावून सांगा, आयुष्यभर एकटीच राहा म्हणून."

सुतार हसले, आणि मालकाचा पारा चढला. "शिक्का द्या इकडे."

"कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे आहे, आणि परवाना माझ्या नावावर."

"ठेवा मग उराशी धरून! बाजारात तासाभरात दुसरा बनवून मिळतो." त्याने खरंच एकाला नमुना देऊन पिटाळलं.

 नोकरी गेल्यातच जमा होती. पण खोकी जाणार, हे तिला सहन होईना. जेवणाची सुट्टी झाली. सगळे शेडमध्ये डबे उघडून बसले. हिने खोक्यांवर वरची बाजू दाखवणारे बाण काढायचा लाल रंग उचलला, रुंद ब्रश घेतला आणि अंगणात गेली. पहिल्या खोक्यावर वीतभर अक्षरांत लिहिलं: कच्चं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. पन्नासेक खोक्यांनंतर खांदा भरून आला, तेव्हा ब्रश डाव्या हातात घेतला. अक्षरं वाकडी झाली, पण वाचता येत होती. मालक जेवून परतला तेव्हा शेवटची सात उरली होती. त्याच्या डोळ्यांदेखत तिने तीही रंगवली.

"रंधा मारा! सगळं खरवडून काढा!" तो सुतारांवर ओरडला.

म्हाताऱ्या सुताराने रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. "माझा रंधा बोथट झालाय आज."

बाकीच्यांचेही लगेच बोथट झाले.

ट्रक आला. ड्रायव्हरने केबिनमधूनच अंगणभर नजर फिरवली. "हे भरून नेलं तर नाक्यावर माझी गाडीच अडकवतील. मी नाही नेत." आणि रिकामा ट्रक फिरवून निघून गेला.

तिला त्याच क्षणी घरचा रस्ता दाखवण्यात आला. लाल बरबटलेल्या हातांनी ती नवऱ्याच्या सलूनच्या दारात उभी राहिली. गिऱ्हाईक अर्धं दाढी केलेलं, अर्धं फेसात.

"अहो, गेली नोकरी."

नवऱ्याने तिचे हात पाहिले. "खून केलास की काय कुणाचा?"

सगळं ऐकल्यावर तो वस्तरा पुसत म्हणाला, "चालेल. मला फक्त आधी सांगितलं असतंस तर ब्रश धरायला आलो असतो." गिऱ्हाईक म्हणालं, आधी माझी उरलेली दाढी करा. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. सलूनसारखं वर्तमानपत्र नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ती दादाबरोबर डोंगरावर जाऊ लागली, रोजावर. लागण झालेली झाडं पाडायची, जागच्या जागी यंत्रात घालून त्यांचा बारीक चुरा करायचा, आणि जळणासाठी एक फांदीसुद्धा खाली जाऊ द्यायची नाही. लोक फांद्या मागायला यायचे, चिडायचे. ती वाटेत आडवी उभी राहायची. रात्री कमरेचा पार भुगा व्हायचा. आणि नोकरी गेल्याचं दुःख होतंच. कधी कधी ती सवयीने सकाळी कपाटाची किल्ली शोधायची.

दीड महिन्याने मालकाची गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबली. बर्नर केव्हाच दुरुस्त झाला होता, खोकी उशिरा का होईना पक्की होऊन, परवान्याशिवायच शिक्का मारून गेली होती. पण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी परवानेवाला माणूस नाही म्हणून भट्टीला टाळं ठोकलं होतं.

"झालं गेलं विसरा," तो म्हणाला. "उद्यापासून या."

"शिक्का माझ्याच कपाटात राहील. बाजारात बनवलेला तो दुसरा माझ्यासमोर फोडायचा. आणि भट्टीतला आकडा बाहेरच्या भिंतीवर दिसला पाहिजे, मोठ्या अक्षरांत. सुतारांना, ड्रायव्हरना, सगळ्यांना."

"एवढी मिजास कशाच्या जोरावर?"

"कामाच्या," ती म्हणाली. "आणि उद्या नाही. ही झाडांची रांग शनिवारी संपेल. सोमवारी येते."

मालक तणतणत गेला, पण सोमवारी तिच्यासमोर दुसऱ्या शिक्क्याचे दोन तुकडे झाले. त्या दिवशीच्या फळ्या ओल्या होत्या. बाहेरच्या भिंतीवरचा आकडा गोगलगाईच्या चालीने चढत होता. मालक तीनदा येऊन घड्याळ बघून गेला. ती स्टुलावर बसून, भट्टीचं दार अडवून, निवांत डबा खात होती.