टेकडीवरचे सहा रविवार

वन खात्याने त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या टेकडीवर कुटुंबांसाठी निसर्गओळखीचा कार्यक्रम सुरू केला होता. दर रविवारी सकाळी सहा ते साडेआठ, एकूण सहा रविवार, वनरक्षकांच्या सोबत. कारखान्याच्या नोटीसबोर्डावर कागद लागला त्याच संध्याकाळी मी नाव नोंदवून आलो. अर्जात ‘कुटुंबातील सदस्य’ असा रकाना होता. तिथे मी ‘दोन’ लिहिलं.

निसर्गाची मला काही विशेष आवड नव्हती. मला सहा रविवार हवे होते, पक्के, आखलेले.

बायको आणि मी दोन वर्षांपासून वेगळे राहत होतो. ती मुलीला आणि स्वतःच्या आईला घेऊन कोथरूडला, मी शनिवार पेठेत दोन खोल्यांत. शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ मुलगी माझ्याकडे. त्या काळात आमच्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी कंपनीतर्फे परदेशी, ‘ऑनसाइट’, गेलेलं होतं, तेव्हा मार्चमध्ये बायकोने फोनवर सांगितलं त्याचं नवल वाटायला नको होतं. कंपनी तिला अमेरिकेला पाठवत होती. किमान तीन वर्षं. मुलीला ती बरोबर नेणार होती.

मी नाही म्हणालो. आठवडाभर भांडलो. शेवटी तीच म्हणाली, “हे बघ, आपण तिलाच विचारू. मे संपता संपता दोघांनी समोर बसून विचारायचं. ती यायला नको म्हणाली तर इथे राहील. तू आहेस, आई आहे. पण येते म्हणाली तर तू आडवा यायचं नाहीस.”

“चालेल,” मी लगेच म्हणालो.

मुलगी नऊ वर्षांची होती. आम्हा दोघांनाही ही पद्धत फार न्याय्य वाटली. आम्ही दोघेही नियमाने चालणारी माणसं होतो. लग्नात आमचं जमलं नाही ते बहुधा त्यामुळेच, पण तो वेगळा विषय.

मी स्टोअर्स सांभाळत असे. एखादा भाग संपत आला आणि पुरवठा होईल याची खात्री नसली की काय करायचं, हे मला माहीत होतं. यादी करायची, रोज तपासायची, घाबरायचं नाही. मी डायरीत दोन रकाने पाडले. डावीकडे ती जाईल असं वाटायला लावणाऱ्या गोष्टी, उजवीकडे ती राहील असं वाटायला लावणाऱ्या. रविवारी रात्री तिला सोडून आलो की भरायचो. पहिल्याच रविवारी उजवीकडे लिहिलं : ‘आईकडे कंटाळा येतो म्हणाली.’ हे वाक्य ती पुढच्या प्रत्येक रविवारी म्हणाली. प्रत्येक वेळी मी बरोबरची खूण केली.

आमच्या गटात नऊ कुटुंबं होती. पुढे चालणारी वनरक्षक बाई चंद्रपूरकडची, बदली होऊन आलेली, तिशीची, खाकी कपड्यांत, पायात कॅनव्हासचे बूट. तिकडे तिने वाघाच्या मागावर दिवस काढले होते आणि इथे तिच्या वाट्याला आम्ही आलो होतो. पहिल्याच दिवशी एक निवृत्त इंजिनिअर आजोबा तिला म्हणाले, “मॅडम, मोर दिसण्याची शक्यता किती टक्के आहे ते आधी सांगा. म्हणजे थांबायचं की मिसळ खायला जायचं ते ठरवतो.”

“तुम्ही गप्प राहिले तर दिसन जी,” ती म्हणाली. “म्हणजे मिसळच खा.”

मुलं हसली. माझी मुलगीही हसली. मी ते मनात टिपून ठेवलं.

बाई दर वेळी एकच गोष्ट करायला लावायची. एकदा वाटेवरचे माग ओळखायचे, मुंगसाचा कुठला, कुत्र्याचा कुठला. एकदा डोळे मिटून झाडांच्या साली चाचपायच्या. एकदा खालून डबे भरून नेऊन पाणवठ्यात पाणी ओतायचं आणि लांब बसून कोण प्यायला येतं ते बघायचं. मुलांना तिने एक एक कोरी वही दिली होती. घरी जाऊन स्वतःच्या हाताने लिहायचं, काय पाहिलं. सहाव्या रविवारी वह्या बघणार आणि पूर्ण असेल त्याला वन खात्याचा बिल्ला मिळणार.

मला मात्र असं नुसतं बसणं जमत नव्हतं. पाणवठ्यापाशी पाऊण तास काहीही झालं नाही. दोन बुलबुल आले, प्याले, गेले. मी मनात रविवार मोजत होतो. सहातले तीन गेले, आता उरले तीन, आणि ही पोर पालथी पडून मातीकडे बघतेय. तिला तिथे वाळूत नरसाळ्यासारखे बारीक खळगे सापडले होते. तळाशी एक किडा दबा धरून बसतो आणि घसरून येणाऱ्या मुंग्या खातो, असं बाईने सांगितलं होतं. मुलगी अर्धा तास एकाच खळग्याशी होती. मी दोनदा विचारलं, “मजा येतेय ना?” ती म्हणाली, “शू.”

चौथ्या आठवड्यात ती वही माझ्याकडे विसरून गेली. सोमवारी रात्री मी उघडली. वाटलं होतं, बुलबुल असतील, पळस असेल. पहिल्या पानावर लिहिलं होतं : ‘आज बाबाने सात वेळा घड्याळ पाहिलं.’ दुसऱ्यावर : ‘बाबा झाडाला हात लावत नाही. माझ्याकडे बघतो.’ तिसऱ्या पानावर त्या खळग्याचं चित्र होतं, आत किडा, आणि खाली फक्त ‘तो वाट बघतो.’ चौथं पान कोरं.

ही वही मे अखेरीला तिची आई बघणार होती. नव्हे, मीच ती दाखवणार होतो. बघ, तुझ्या मुलीचं इथे किती मन रमलंय, म्हणून. मी पट्टी लावून ती तिन्ही पानं फाडली. मंडईजवळच्या दुकानातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं आणि चार रात्री बसून तिच्या अक्षराची नक्कल करत वही भरली. बुलबुल, तांबट, टकाचोर. बहाव्याच्या पाकळ्या चिकटवल्या. दर पानाच्या शेवटी ‘मला टेकडी खूप आवडते’ असंही लिहिलं. हे लिहिताना मला लाज वाटली नाही. बाजारात माल नसला की पर्यायी माल लावतात, इतकंच वाटलं.

शनिवारी मी तिला वही दिली. म्हणालो, “थोडी नीट केलीय.” तिने सगळी पानं उलटली, फाटलेल्या जागेवरून एकदा बोट फिरवलं आणि वही दप्तरात ठेवली. मी डायरीत लिहिलं : ‘वही आवडली असावी.’

सहाव्या रविवारी बाई एका सपाट दगडावर बसली आणि वह्या बघू लागली. एक बघितली, दुसरी बघितली, मग सगळ्या एकदम मांडीवर घेऊन भराभर चाळल्या.

“अक्षर मस्त आहे जी लेकरायचं,” ती आमच्याकडे बघत म्हणाली. “सातवीपर्यंतच्या नऊ पोरांत एकाचीही वेलांटी चुकली नाही. पुण्याचं पाणीच तसं असन.”

निवृत्त इंजिनिअरांनी नातवाच्या वहीत सायबर कॅफेतून छापून आणलेला पोपटांचा तक्ता लावला होता. ते घसा खाकरून म्हणाले, “मार्गदर्शन केलं थोडं.” बाकीचे आईबाप बुटांच्या नाड्या बघत होते. म्हणजे सगळ्यांनीच तेच केलं होतं. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं.

मग तिने माझ्या मुलीला जवळ बोलावलं. आवाज खाली आणून विचारलं, “हे तूच लिहिलं का, बाई?”

“हो,” मुलगी म्हणाली.

“आणि ही पानं फाटली, ती?”

“मीच फाडली. चुकली होती.”

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. अडखळली नाही, लाल झाली नाही. इतकी सफाई एका दिवसात येत नाही. बाईने क्षणभर तिचा चेहरा निरखला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या मुलाला हाक मारली. बिल्ले तिने सगळ्यांनाच देऊन टाकले.

टेकडी उतरून आम्ही स्कूटरपाशी आलो. मी स्टँडवरून गाडी काढली नाही. विचारलं, “खोटं का बोललीस?”

“त्या तुला ओरडल्या असत्या.”

“आईला टेकडीचं काय सांगतेस, घरी गेल्यावर?”

“कंटाळा आला म्हणते.”

“येतो कंटाळा?”

“नाही.” ती सीटच्या फाटक्या कोपऱ्यातला स्पंज ओढत होती. “पण मजा आली म्हटलं की आई गप्प बसते. मग जेवत नाही नीट.”

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. “आणि मला सांगतेस, आईकडे कंटाळा येतो म्हणून?”

तिने हातातला स्पंजचा तुकडा खाली टाकला. मग म्हणाली, “बाबा, ऊन लागतंय. चल ना.”

सहा आठवडे मी खुणा करत होतो. माझं मूल मात्र दोन घरांच्या मधे उभं राहून दोन्हीकडे हवी ती उत्तरं पोचवत होतं, कुणी उपाशी राहू नये म्हणून. आणि येत्या शनिवारी आम्ही दोघं तिच्यासमोर खुर्च्या टाकून तिला विचारणार होतो, तुला कोण हवं. तिने उत्तर दिलं असतं. समोर बसलेल्यांत कोण जास्त मोडेल हे बघून दिलं असतं, आणि मग ते उत्तर जन्मभर अंगावर वागवलं असतं.

घरी येऊन मी तिला आंघोळीला पाठवलं आणि बायकोला फोन लावला.

“शनिवारी तिला काही विचारायचं नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे? आता तू शब्द फिरवतोस?”

“नाही. विचारायचंच नाही. आपणच ठरवायचं.”

“मग काय ठरवायचं?”

बाथरूममध्ये बादली भरत असल्याचा आवाज येत होता. कितीही हिशेब केला तरी माझ्याकडे दोन खोल्या होत्या, सकाळी सातची पाळी होती आणि थकलेल्या सासूबाईंच्या भरवशावर ठेवायची एक मुलगी होती. शिवाय तिला इथे ठेवली तर ती माझ्यासाठी राहिली असं तिला कायम वाटलं असतं. हे सगळं मला मार्चमध्येही दिसत होतं.

“घेऊन जा तिला,” मी म्हणालो.

पलीकडे बायको रडायला लागली आणि मी फोन ठेवला, कारण मला रडायचं नव्हतं. अजून मुलीला सांगायचं होतं.

ती केस पुसत बाहेर आली. मी म्हणालो, “तू आईबरोबर अमेरिकेला जाणार आहेस. आम्ही दोघांनी ठरवलंय.”

“मला विचारणार होतात ना? आजी म्हणाली होती.”

“नाही विचारणार. हे मोठ्यांचं काम आहे.”

“मी नको म्हटलं तरी?”

“तरी.”

ती मोठ्याने रडली. मला दोन्ही हातांनी मारलं, दुष्ट म्हणाली, टॉवेल फेकला. इतकी रागावलेली मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती. मी हलायचं नाही असं ठरवून तसाच बसून राहिलो. दुपारी अडीचपर्यंत ती धुमसत राहिली, मग थकून सतरंजीवरच आडवी झाली आणि झोपली. दुपारची कधीही न झोपणारी मुलगी, तीन तास, तोंड उघडं ठेवून. मी पंखा तिच्याकडे वळवला आणि भिंतीला टेकून बसलो. संध्याकाळी सहाला तिला पोचवायचं होतं. पावणेसहा झाले तरी मला तिला उठवता येईना.