गाडी येऊन राहिली

समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस आमचा एक्स्टर्नल नव्हता. हे कळायला आम्हाला एक चहा आणि बशीभर बिस्किटं लागली.

गृहस्थ पुण्याहून आले होते. जाड काचांचा चष्मा, अबोल स्वभाव, पायाशी जड बॅग. आमच्या विद्यार्थिनीने, अश्विनी हटवारने, आपल्या सिनॉप्सिसची प्रत त्यांच्यापुढे अदबीने ठेवली. त्यांनी ती चाळली आणि नम्रपणे म्हणाले, "हे मी नंतर वाचतो. आधी मशीन बघू या का?"

"कौन सी मशीन?" डीन मॅडमनी विचारलं.

"तुमचा कॉम्प्रेसर. बंद पडलाय म्हणून बोलावलंत ना?"

डीन मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटांकडे पाहिलं. क्रिमिनॉलॉजी विभागात कॉम्प्रेसर नसतो.

मी भिलाईतल्या एका खासगी विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी शिकवतो. बाहेर कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे चोर पकडता का?" रिसालीत आमच्या गल्लीत कुणाची मोटरसायकल गेली तरी लोक पोलीस स्टेशनच्या आधी माझ्याकडे येतात. खरं म्हणजे आम्ही चोराच्या मागे जात नाही. चोर पकडल्यावर जे होतं त्याच्या मागे जातो. पोलीस बयान, म्हणजे साक्षीदाराचा जबाब, कसं लिहितात, कोर्ट ते कसं वाचतं, तुरुंगातून सुटलेल्याला काम कोण देतं, हे आमचे विषय. आमची मुलं पुढे तुरुंगात कल्याण अधिकारी होतात, संस्थांमधून काम करतात, बरीचशी पोलीसभरतीला बसतात. संशोधनात राहणारी थोडी. अश्विनीला राहायचं होतं.

पीएच.डी.साठी आधी विषय मंजूर व्हावा लागतो. त्यासाठी एक समिती बसते, तिला आरडीसी म्हणतात. समितीत बाहेरच्या विद्यापीठाचा एक जाणकार असतो, तो एक्स्टर्नल. अश्विनीचा विषय एकदा परत आला होता. 'व्याप्ती अपुरी' असा शेरा होता. आमच्याकडचा नियम असा की दुसऱ्यांदा परत आला तर नोंदणीच रद्द. त्यामुळे त्या दिवशी काय तो निकाल लागणार होता.

विषय होता बयानाची भाषा. तो तिला पुस्तकात सापडला नव्हता. तिचे वडील भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. घरात नागपुरी मराठी, बाहेर हिंदी. तिच्या मावशीने शेजारच्या घरातली चोरी पाहिली होती. मावशीने हवालदाराला सांगितलं, "तो दार लावून राहिला होता, तवा मी त्याले पाह्यलं." आमच्या बोलीत 'लावून राहिला होता' म्हणजे लावत होता. दार अर्धं उघडं होतं, आत त्याने खाली काढून ठेवलेला टीव्ही दिसत होता. हवालदाराने हिंदीत लिहिलं, 'वह दरवाज़ा बंद करके भीतर था.'

पोलिसांपुढचं बयान कोर्टात थेट पुरावा म्हणून चालत नाही. पण साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला, तर बचावाचा वकील त्यावर बोट ठेवू शकतो. दुर्गच्या कोर्टात वकिलाने तेच केलं. "माताजी, दरवाज़ा बंद था तो आपने देखा कैसे? दीवार के आर-पार?" कोर्टात हशा पिकला. आरोपी सुटला. मावशी आजही दुर्गच्या बाजारात जाते, पण कोर्टाच्या रस्त्याने जात नाही.

"ये तो एक मौसी का हुआ," डीन मॅडम मला म्हणायच्या. "पीएच.डी. कैसे बनेगी इसमें? लड़की को साइबर क्राइम दे दीजिए ना, सर. सबको मिल रहा है."

डीन मॅडम वाईट नाहीत. त्यांना मुलगी पास झालेली हवी होती. मला ती तिच्या विषयात पास झालेली हवी होती. एवढाच आमचा वाद.

आता कॉम्प्रेसरचं. मी आमच्या ड्रायव्हरला, संतोषला, बोलावलं.

"संतोष, तू किसको लाया?"

"पूना वाले साहब को, सर."

"नाम पूछा था?"

"पूना पूछा था. बोले, हाँ पूना." संतोषच्या चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी लँडलाइन. मी स्पीकर लावला.

"मी आपटे बोलतोय. माझा मोबाइल बंद पडलाय, तुमचा नंबर पत्रावर मिळाला. मी कुम्हारी नावाच्या गावात आहे. माझ्यासमोर एक मोठा कॉम्प्रेसर आहे आणि मी तो दुरुस्त करावा म्हणून चार माणसं हात बांधून उभी आहेत. प्रोफेसर, हा तुमच्याकडचा काही प्रकार आहे का?"

हे आमचे एक्स्टर्नल. डॉ. आपटे, पुण्याचे, कडक म्हणून प्रसिद्ध.

"सर, तुम्ही तिकडे कसे गेलात?"

"कसा गेलो? स्टेशनवर तुमच्याच विभागातून फोन आला. कुणीतरी मुलगी होती. 'सर, गाडी येऊन राहिली, मेन गेटसमोर.' मी गेटसमोर गेलो. पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हरने 'पूना?' विचारलं, मी 'हो' म्हटलं आणि बसलो. यात माझं काय चुकलं ते सांगा."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पुण्याच्या मराठीत 'येऊन राहिली' म्हणजे येऊन थांबली. गाडी आली आहे, उभी आहे. आमच्या मराठीत 'येऊन राहिली' म्हणजे येते आहे, वाटेत आहे. संतोष त्या वेळी स्टेशनच्या वाटेवर नेहरूनगरच्या चौकात अडकला होता. गेटसमोरची पांढरी गाडी कुम्हारीच्या कारखान्याची होती, त्याच रेल्वेने येणाऱ्या इंजिनीअरसाठी आलेली. ती आपटे सरांना घेऊन गेली. मग संतोष पोचला, बॅग घेऊन बावरलेला इंजिनीअर त्याला दिसला, आणि त्याने मनापासून विचारलं, पूना?

कारखान्याच्या गाडीने आपटे सरांना इकडे सोडायचं आणि इंजिनीअरला घेऊन जायचं, असं ठरलं. इंजिनीअर बिस्किटं खात म्हणाले, "काही घाई नाही. इथे थंड आहे."

मी बाहेर आलो. अश्विनी कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"कावून रडून राहिली?"

"रडून नाही राहिली, सर. तो फोन मीच केला होता."

"ते मले समजलं."

"संतोषभैया अडकले होते. मले वाटलं, साहेब एकटे उभे असतील, सांगून देऊ. घाईघाईत घरचंच तोंडातून निघून गेलं."

"हे पाय, फोनचं तू काही बोलू नको. ते विसरून जातील. सरळ प्रेझेंटेशन सुरू कर."

मागून डीन मॅडम आल्या. "बेटा, अभी भी टाइम है. सॉरी बोल देना, और साइबर क्राइम ले लेना."

इथे थोडं माझ्या घरातलं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझी पत्नी सुनंदा कऱ्हाडची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या आईने तिला स्वयंपाकघरात सांगितलं, "पाहुणे येऊन राहिले, चहा मांड." तिने भराभर चहा केला, ट्रे सजवला, पदर सावरून बाहेरच्या खोलीत गेली. खोलीत कुणीच नव्हतं. पाहुणे तेव्हा गोंदियाच्या पुढे कुठेतरी रेल्वेत होते. पुढे आयुष्यभर आमच्या घरी कुणी उशीर केला की सुनंदा म्हणायची, "येऊन राहिला वाटतं. चहा थंड करायला ठेवते." अश्विनी आमच्या घरी अभ्यासाला यायची, तेव्हा हा किस्सा तिला सुनंदानेच सांगितला होता. मावशीचं बयान कुठे बिघडलं, हे अश्विनीच्या लक्षात आलं ते त्या हसण्यातून. गेल्या हिवाळ्यात सुनंदा गेली. तेव्हापासून घरात चहा वेळेवर होतो.

आपटे सर आले. शर्टाच्या बाहीला ग्रीसचा डाग होता. त्यांनी इंजिनीअरशी हात मिळवला आणि म्हणाले, "तुमचा तो बेल्ट तुटलाय एवढं मलासुद्धा दिसलं." इंजिनीअर निघून गेले. जाताना सिनॉप्सिसची प्रतही बॅगेत घेऊन गेले, हे आम्हाला नंतर कळलं.

समिती बसली. आपटे सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "हं. बोला."

अश्विनी उभी राहिली. पहिली स्लाइड पडद्यावर होती. तिने ती बंद केली.

"सर, सकाळी तुम्हाला फोन केला ती मुलगी मी."

डीन मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"मी खोटं बोलले नाही, सर. तुम्हीही चुकीचं ऐकलं नाही. 'येऊन राहिली' म्हणजे आमच्या घरी 'येत आहे'. आपण दोघेही मराठीच बोलत होतो. दोघेही शिकलेले. तरी तुम्ही कुम्हारीला पोचलात."

आपटे सरांनी टेबलावरचं घड्याळ बाजूला सारलं.

"आता फोनवर माझ्याऐवजी माझी मावशी आहे असं समजा. आणि ऐकणारे हवालदार आहेत, त्यांना हिंदीत लिहायचं आहे." मग तिने अर्धवट लागलेल्या त्या दाराची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाली, "तुमची चूक दुरुस्त झाली, सर. गाडी परत आली. बयान परत येत नाही."

आपटे सरांनी बाहीवरचा डाग अंगठ्याने घासला.

"म्हणजे दार उघडं होतं?"

"अर्धं, सर."

"आणि समजा, साक्षीदार म्हणाला, 'तो त्याला मारून राहिला होता'?"

"मारत होता, सर. अजून वाचवता आलं असतं. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे?" आपटे सरांनी चष्मा काढला. "आमच्याकडे मारून राहिला म्हणजे काम तमाम करून, वर तिथेच मुक्कामाला!"

आधी त्यांचे खांदे हलले. मग ते जे हसत सुटले ते थांबेचनात. डीन मॅडमना वाक्य अर्धंच कळलं होतं, पण त्या त्यांच्याहून मोठ्याने हसल्या. मीही हसलो. किती दिवसांनी, ते मला माहीत आहे, पण इथे सांगत नाही.

मग सरांनी कामाचे प्रश्न विचारले, आणि ते सोपे नव्हते. बयानं मिळणार कुठून? कोर्टाची परवानगी? साक्षीदारांची नावं कशी झाकणार? फक्त मराठी घरंच का, छत्तीसगढी बोलणारे का नाहीत? शेवटच्या प्रश्नावर अश्विनी अडली. मग म्हणाली, "घ्यायला पाहिजेत, सर. घेते." तिची व्याप्ती तिथल्या तिथे पुरेशी झाली.

विषय मंजूर झाला. शेऱ्यात आपटे सरांनी एक ओळ घातली: पहिल्या प्रकरणात आजच्या फोनचे उदाहरण द्यावे, एक्स्टर्नलचे नाव देऊ नये. अश्विनीने कॉरिडॉरमधूनच मावशीला फोन लावला. "मावशी, तुह्या दारावर पीएच.डी. करून राहिली मी!" पलीकडून आवाज माझ्यापर्यंत आला. "त्या वकिलाले सांगशीन का मंग?"

संध्याकाळी आपटे सरांना दुर्ग स्टेशनवर सोडायला मी स्वतः गेलो. वाटेत त्यांना सुनंदाच्या चहाचा किस्सा सांगितला. ते पुन्हा हसले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी तुमच्या घरी येतो. वहिनींना सांगा, आल्याशिवाय चहा ठेवू नका." मी सांगितलं, ती आता नाही. ते म्हणाले, "त्या मुलीच्या प्रबंधात त्यांचं नाव यायला हवं. माझं नको, त्यांचं." मी हो म्हटलं.

घरी पोचलो तर त्यांचा मेसेज आलेला होता: 'गाडी सुटून राहिली.'

सुटली की सुटते आहे, ते कळेना. मी उत्तर पाठवलं, 'सर, पुण्याच्या मराठीत सांगा.'

आता विभागात नियम केला आहे. बाहेरच्या पाहुण्याला आणायचं असेल तर आधी गाडी पोचू द्यावी, मग फोन करावा. आणि फोनवर गाडीचा नंबर सांगावा. आकड्यांना बोली नसते.