मेलेल्याने बारसं बघू नये

नागोयाच्या ऑफिसातले माझे विभागप्रमुख म्हणजे अगदी मवाळ गृहस्थ, पण वर्षातून एकदा ते सेनापती होतात. चारशे वर्षांपूर्वी जपानी सरदार आपसात लढले, म्हणजे निव्वळ भाऊबंदकीच. त्यातली एक लढाई जवळच्या गावात दर वर्षी पुन्हा लढली जाते आणि हरणाऱ्या बाजूला माणसं आमचं ऑफिस पुरवतं. यंदा त्यांनी मला यायला जमेल का विचारलं आणि मी कमरेत वाकून हो म्हणालो. बायको पुण्याला माहेरी नुकतीच बाळंत झाली होती. रजा मागायची सोडून मी हातात भाला घेतला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही.

आदल्या दिवशीच छावणीत राहायला जायचं होतं. अंगावर चिलखत, डोक्यावर टोपलीएवढी टोपी, झोपायला पेंढा. सूपमध्ये सुकी मासळी होती, त्यामुळे मला शाकाहारी शिपाई म्हणून नुसते भाताचे गोळे मिळाले. तिकडे घरी डिंकाचे लाडू वळणं चाललं असेल, या विचाराने तो भात घशाखाली उतरेना. त्या काळी फोन नव्हते म्हणून सगळ्यांचे फोन काढून घेतले. मी ऑफिसचा फोन दिला आणि स्वतःचा चिलखतात लपवला. चष्मा तेवढा ठेवू दिला, कारण बिनचष्म्याच्या सरावात मी आमच्याच भालेकऱ्याला भोसकलं होतं.

अडचण एकच होती. बारशाचा मुहूर्त नेमका लढाईच्या वेळेचा. मुलीला मी अजून प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं, निदान तिला पाळण्यात घालताना तरी बघायचं होतं. मी टोळीप्रमुखाला गुडघा दुखत असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, मग पहिल्याच हल्ल्यात मर आणि ढोल वाजेपर्यंत हलू नकोस. एवढी सोयीची आज्ञा मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

मी उत्साहाने मेलो. शत्रूपक्षाचा एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा शेजारीच मरून पडला होता. त्याच्याकडे पाठ करून मी हळूच फोन लावला. पडद्यावर पाळणा दिसला, झेंडूच्या माळा दिसल्या, नाव ठेवायला सज्ज झालेली माझी बहीण दिसली. मग आईला मी दिसलो. चिखलाने माखलेला, कपाळावर लाल रंग, गवतात आडवा.

"शुभकार्यात बाप असा मढ्यासारखा? आधी ऊठ. तू उठल्याशिवाय मी नाव ठेवू देणार नाही."

मी कुजबुजून समजावलं की इथे नियम आहे, प्रेक्षक बघतायत, समोर टेकडीवर साहेब उभे आहेत. आई ऐकेना. सासूबाईही तिच्या बाजूच्या झाल्या. पाळणा थांबला, मुलगी रडायला लागली.

शेवटी मी उठून बसलो. प्रेक्षकांत हशा पिकला. म्हाताऱ्याने एक डोळा उघडून काय झालं विचारलं. माझ्या मोडक्या जपानीत मी म्हणालो, मुलगी, नाव, आत्ता. तोही उठून बसला. मग आमच्या बाजूचा एक उठला, त्यांच्या बाजूचे दोघे उठले, आणि दोन्ही सैन्यांचे मुडदे माझ्या फोनभोवती गोळा झाले. बहिणीने मुलीच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी प्रथेप्रमाणे बहिणीच्या पाठीत धपाटे घातले. ही मारामारी कसली, असं म्हाताऱ्याने विचारलं. नाव ठेवणारीला मारायचं असतं, असं मी सांगितल्यावर त्याला ते फार पटलं. मुलगी एवढीशी जांभई देऊन झोपली. मला रडू आवरेना.

वजन किती, असं म्हाताऱ्याने विचारलं. मी म्हणालो, "माहीत नाही. मी तिला अजून हातात घेतलेलं नाही."

त्याने डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मग तू इथे मरून का पडलायस?"

ढोल वाजला. सगळे मेलेले उठून प्रेक्षकांना वाकून नमस्कार करू लागले. मी तसाच चिलखतासकट टेकडी चढून सेनापतींकडे रजा मागायला गेलो. सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत थांबलो असतो तर मला पुन्हा भीड पडली असती.