मानेतला बाक

नाशिक जिल्ह्यात जेवढी म्हणून भीती आहे, तिच्यातली निम्मी आमच्या व्याह्यांनी एकट्यानं उचललेली आहे आणि उरलेली निम्मी बाकीचे लोक पुरवून पुरवून वापरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. मी चौथी शिकलेला सुतार. मत मांडायला मला कुणाचा दाखला लागत नाही. पस्तीस वर्षं मी लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवल्या. माणूस दारातून आत कसा येतो त्यावरून तो कसा आहे ते मला कळतं. आमचे व्याही दारात थांबतात, वर चौकटीकडे बघतात, ती डोक्यावर पडणार नाही अशी खात्री करतात आणि मग आत येतात. हे माझ्या घरात, मी स्वतः बसवलेल्या सागवानी चौकटीखाली. पहिल्यांदा मला राग आला होता. पण लेक त्यांच्या घरात दिलेली, म्हणून गिळला.

मूळचा नांदगावकडचा माणूस. सरकारी कचेरीत कारकुनी करून रिटायर झाला आणि आता नाशकातच, उपनगर भागात लेकाच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या घरी राहतो. घरातून निघताना ते गॅसचा कॉक तीनदा तपासतात. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात आणि चौथ्यांदा तपासतात. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. आधार कार्डाची झेरॉक्स शर्टाच्या खिशात एक, पँटच्या खिशात एक, कारण अपघातात कुठला कपडा शाबूत राहील ते सांगता येत नाही म्हणे. एकदा आम्ही दोघं सटाण्याला लग्नाला निघालो होतो. बसमध्ये ते हट्टानं संकटकालीन दाराशेजारी बसले, त्यावरची सूचना दोनदा वाचली आणि चालत्या बसमध्ये हँडल ओढून पाहिलं. दार उघडलं. बस थांबली, कंडक्टर धावत आला, बायका ओरडायला लागल्या. व्याही शांतपणे म्हणाले, "उघडतं हे तरी कळलं. आता बसा सगळे निवांत." पुढचा सगळा रस्ता मी त्यांना ओळखत नाही असं तोंड करून बसलो होतो.

असा हा माणूस गेल्या वर्षी मला म्हणाला, "मिस्तरी, मला बास गिटार घ्यायची आहे. तुम्ही सोबत चला. लाकूड तुम्हाला कळतं."

मला वाटलं, भीती डोक्यात चढली. मग कारण ऐकलं. तरुणपणी त्यांच्या वस्तीत भीमगीतांची गायन पार्टी होती. हे मागच्या रांगेत बसून कोरस धरायचे आणि घरी येऊन स्वतःची गाणी वहीत लिहायचे. कोणी हसेल या भीतीनं ती वही चाळीस वर्षं कुणाला दाखवली नाही. आता कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, दोन्ही कान उतरत चाललेत. वरचे बारीक आवाज आधी जातील, खालचे जाड आवाज शेवटपर्यंत टिकतील. कानाचं मशीन लावा म्हणाले, तर यांनी मशीनला साफ नकार दिला. मेंदूच्या इतक्या जवळ बॅटरी ठेवणं त्यांना पटेना. पण एक झालं. मोठी भीती घरात आली की लहान भीती उठून तिला जागा देते. कान जायच्या आत वहीतली गाणी घरीच रेकॉर्ड करायची, असं त्यांनी ठरवलं. जावयानं त्यांना कॉम्प्युटर लावून दिला. वाद्याची वायर घातली की आवाज सरळ आत जाईल अशी एक लहानशी डबीही आणून दिली. सूर कीबोर्डवर, ठेका कॉम्प्युटरवर. कमी होता तो गाण्याला खालून धरणारा जाड आवाज, म्हणजे बास. "जे वाद्य मला शेवटपर्यंत ऐकू येईल ते मी स्वतः वाजवणार," असं ते म्हणाले, आणि त्यानंतर रोज दोन तास मोबाइलवर बघून शिकायचंही त्यांनी ठरवून टाकलं.

दुकान शालिमार चौकाच्या बाजूला, जिना चढून वर. जिना मजबूत आहे का, हे त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटल्यावर चढले. दुकानदार तिशीचा, केस मागं बांधलेला, मोठा सोशिक. व्याह्यांनी खिशातून प्रश्नांचा कागद काढला.

"यानं शॉक लागतो का?"

"नाही काका."

"बॅटरी असते का?"

"काहींमध्ये असते. आवाज वाढवायला."

"बिनबॅटरीची दाखवा."

दुकानदारानं पाच तारांची काढली. हे म्हणाले, पाचवी तार तुटून डोळ्यात गेली तर काय करायचं. मी म्हणालो, "पाव्हणं, आणि चौथी तुटली तर ती काय पायात जाती का?" त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. टोकदार शिंगांची एक लाल गिटार होती, ती नातीला लागेल म्हणून बाद. लांब मानेची खांदा निखळेल म्हणून बाद. दुकानदारानं आवाजाचा खोका सोबत घ्यायला सांगितला, तर भिंतीपलीकडचे शेजारी ध्यानाला बसतात, ते भांडायला आले तर काय, म्हणून खोकाही नको. वापरलेली स्वस्त पडली असती, पण आधीच्या मालकानं ती का विकली हे कोण सांगणार. शेवटी दुकानदारानं एक आखूड मानेची, हलकी, चार तारांची गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. ती पेन्शनीत बसत होती. तारांखाली दोन ठिकाणी चुंबकाच्या पट्ट्या होत्या. त्यांना पिकअप म्हणतात. मानेजवळचा पिकअप गोल, भरदार आवाज देतो आणि मागचा नितळ, ठसठशीत. बटणं फिरवून दोन्ही हवे तसे मिसळायचे, म्हणजे संथ गाण्यालाही चालते आणि चढ्या गाण्यालाही.

"एक पिकअप बिघडला तर दुसरा चालतो का?" व्याह्यांनी विचारलं.

"चालतो की."

"मग हीच."

दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, घरी रेकॉर्डिंग करायचं तर अगदी अशीच घ्या, असं मी कॉलेजच्या पोरांना घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. कोणी ऐकत नाही. हे पहिले गिऱ्हाईक, जे स्वतः घाबरत घाबरत बरोबर जागी पोचले."

आता माझी पाळी होती. मी गिटार हातात घेतली, अंग ठोकून पाहिलं, सांधा नखानं तपासला. मग फळीवर मारतो तशी एक डोळा मिटून मानेवर नजर मारली. मान सरळ नव्हती. मधोमध कागदाच्या जाडीएवढा खोलगट बाक होता. मी म्हणालो, "माल वाकडा आहे."

"काका, तो बाक ठेवलेला असतो," दुकानदार म्हणाला.

पस्तीस वर्षांत प्रत्येक वखारवाल्यानं मला हेच सांगितलं होतं. मी हसलो. माझ्या नजरेतून गेलेली फळी वाकडी बसली, असं नाशकात कोणी दाखवून द्यावं.

दोन महिने गेले. व्याही बोटांना फोड येईपर्यंत वाजवत होते आणि चार-पाच गाण्यांपुरतं त्यांना बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. एक दिवस मी त्यांच्याकडे गेलो तर ते कान तपासायला दवाखान्यात गेले होते, लेक स्वयंपाकघरात होती आणि गिटार खुर्चीला टेकून उभी होती. तो बाक माझ्या डोळ्यात सलत होताच. गिटारीच्या पिशवीत एक बारकी षटकोनी किल्ली, म्हणजे एलन की होती आणि मानेच्या टोकाला ती बसायची जागा. मानेच्या आत लोखंडी सळई असते, आवळली की मान सरळ होते, एवढं मी न शिकता ओळखलं. पाव पाव फेरा आवळत गेलो. दर वेळी पोलादी पट्टी लावून पाहिली. शेवटी पट्टी अशी बसली की तिच्याखालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. किल्ली होती तिथं ठेवली. काम करून सांगत बसायचं नाही, ही आमच्या धंद्याची रीत. गिऱ्हाइकाला आपोआप कळतं.

व्याही आले. हातात कानाचा कागद, तोंड उतरलेलं. डॉक्टर म्हणाले होते, अपेक्षेपेक्षा वेगानं उतरतंय. त्यांनी गिटार घेतली, वायर डबीत घातली आणि दोघांना ऐकू यावं म्हणून कॉम्प्युटरचे बारके स्पीकर लावले. पहिलाच सूर आला तो झर्रर्र करत. पत्र्यावर वाळू सांडावी तसा. दुसराही तसाच. ते थांबले. कानात बोट घालून हलवलं, पुन्हा वाजवलं.

"मिस्तरी, तुम्हाला झरझर ऐकू येतेय का?"

मला चांगली ऐकू येत होती. आणि ती कुठून आली तेही त्याच क्षणी कळलं होतं. समोर लेक चहा घेऊन उभी. तिच्या सासऱ्याची वस्तू मी न विचारता हात घालून बिघडवली, हे तिच्यासमोर कसं सांगायचं. पस्तीस वर्षांची नजर एका क्षणात खोटी ठरत होती. माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाय बुवा."

त्यांनी गिटार खाली ठेवली. अगदी अलगद, झोपलेलं मूल ठेवावं तशी. म्हणाले, "म्हणजे खालचे आवाजही गेले."

पुढचे दिवस माझे कसे गेले ते मला माहीत. आयुष्यात मी बांधकामाच्या उंच पहाडावर चढलो, विजेच्या तारांखाली काम केलं, कधी घाबरलो नाही. आता फोन वाजला की आधी नंबर कुणाचा ते बघायचो. तिसऱ्या दिवशी लेकीचाच फोन आला. मला ती दादा म्हणते आणि सासऱ्यांना पप्पा. "दादा, पप्पांना काहीतरी झालंय. तीन दिवस गॅसचा कॉक बघितला नाही त्यांनी. काल तर बँकेत लिफ्टनं वर गेले."

"लिफ्टनं?"

"एकटे. मी म्हटलं, पप्पा, भीती नाही वाटली? तर म्हणे, आता कशाची वाटायची?"

आमचे व्याही घाबरायचे थांबले, याच्याइतकी भयंकर बातमी मी ऐकली नव्हती. मी तडक त्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं समजावलं की तार छेडली की ती मधोमध झुलते. तिला झुलायला जागा लागते, म्हणून मानेत बाक ठेवतात. मान अगदी सरळ केली की झुलणारी तार मानेवरच्या आडव्या पितळी पट्ट्यांना, म्हणजे पडद्यांना घासते आणि झरझरते. बास गिटारीच्या तारा जाड, त्या जास्त झुलतात. "आवळली तशी सैल करा, पाव पाव. पण फार आवळली असेल तर सळई आतून गेलेली असू शकते. बघावं लागेल."

सळई गेलेली असली तर काय, याचा विचार करत मी उपनगरला पोचलो. व्याही खाटेवर बसले होते. गाण्यांची वही उशाशी, गिटार पिशवीत चेन लावून. मी उभ्यानंच म्हणालो, "पाव्हणं, ती झरझर मी केली."

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा बोललो. बाक, किल्ली, पट्टी, सगळं. आणि शेवटी, "मला ऐकू आली होती. मी खोटं बोललो."

मला वाटलं, आता हा माणूस मला घराबाहेर काढणार आणि काढलं तर बरोबरच आहे. तर ते म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही ऐकू येत होती?"

"हो."

"तेवढीच? जेवढी मला?"

"तेवढीच. लय घाण आवाज होता."

त्यांनी डोळे पुसले आणि लगेच उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. तिथून म्हणाले, "आता सैल करा. सळई तुटून उडाली तर मी इथं बरा."

"ती आतल्या आत तुटती पाव्हणं, उडत नाय."

"तुमचं मानेबद्दलचं ज्ञान मी पाहिलंय."

हे मी ऐकून घेतलं. पाव फेरा, पुन्हा पाव. सळई शाबूत होती. मानेचा ताठा हळूहळू गेला, तसा माझा गर्वही गेला म्हणा. मी तार छेडली. भरलेल्या रांजणावर थाप मारावी तसा सूर खोलीत पसरला आणि दाराबाहेर आमचे व्याही भिंतीला धरून खाली बसले.

त्या पावसाळ्यात त्यांनी अकरा गाणी रेकॉर्ड केली. प्रत्येक गाणं झालं की मला बोलावणं यायचं. बारीक झांज वाजते का, शब्द स्पष्ट आहेत का, हे मी ऐकून सांगायचो. लेक घरात असताना मीच का, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "एकदा खोटं बोलून पोळलेला माणूस परवडतो." अकराव्या गाण्यानंतर झांज त्यांना अजिबात ऐकू येईना. मग पाखरं गेली, दाराची बेल गेली, नातीचं बोलणं गेलं. ती बोलते तेव्हा ते हसून मान डोलावतात. तिला वाटतं आजोबांना कळलं.

माझा आवाज मात्र घोगरा, जाडाभरडा. बायको जन्मभर म्हणत आली की तुमचं बोलणं म्हणजे ट्रक सुरू केल्यासारखं. तेवढं त्यांना अजून कळतं. म्हणून मी रोज चार वाजता जातो. सांगण्यासारखं काही नसतं. कांद्याचा भाव सांगतो, कुठल्या गल्लीत खोदकाम चाललंय ते सांगतो. एक वाक्य बोलतो आणि त्यांच्या तोंडाकडे बघतो. ते हं म्हणाले की मगच पुढचं बोलतो. कधी कधी हं यायला जरा उशीर होतो. तेवढा वेळ मी श्वास धरून बसलेला असतो.